मुलांच्या हातांतील फोन आणि आईबापांची किल्ली

गांवच्या आडाला कठडा असतो. तो कोणीं बांधला, हें विचारण्याची पाळी सहसा येत नाहीं. परंतु ज्यानें आड खणला त्यानेंच कठडाही बांधावा, हा संकेत सर्वांस मान्य आहे. आड खणून मोकळा सोडावा आणि आसपासच्या आयांस बजावावें कीं, "बायांनो, आपापलीं पोरें सांभाळा," असें कोणी करील तर गांव त्याला शहाणा म्हणणार नाहीं. उलट, कठडा बांधला आहे म्हणून आयांनीं मुलांकडे पाठ फिरवावी, हेंही शहाणपणाचें नव्हे. कठड्याचें काम एक, आईच्या नजरेचें काम दुसरें. आणि या दोहोंहून मोठें असें तिसरें काम म्हणजे मुलाला वेळीं पोहावयास शिकविणें. आज घरोघरीं मुलांच्या हातीं जो फोन आला आहे त्याच्या संबंधानें या तीन कामांची वांटणी कशी व्हावी, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

हें यंत्र फार जुनें नाहीं. बोटाच्या स्पर्शानें चालणारा ॲपल कंपनीचा आयफोन २००७ सालीं निघाला, आणि पाटीएवढा आयपॅड २०१० सालीं. आपल्या देशांत २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाली, आणि त्यानंतर इंटरनेट इतकें स्वस्त झालें कीं, तें खेड्यापाड्यांतील झोपडींतही शिरलें. तरीसुद्धां शाळकरी मुलाच्या हातीं फोन देणें हें २०२० पर्यंत पुष्कळ घरांत फाजील लाडाचें लक्षण समजलें जात असे. त्या वर्षाच्या मार्चमध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि जेथें मुलाजवळ फोन दिसतांच तो जप्त होत असे, त्याच शाळांतून फोनवर धडे येऊं लागले. कोणीं उसनवारी करून, कोणीं हप्त्यानें फोन घेतला. पुढें शाळा उघडल्या. मुलें दप्तर घेऊन वर्गांत परतलीं, पण फोन घरांतून गेला नाहीं. म्हणून "मुलाला फोन दिलाच कशाला?" हा प्रश्न आज आईबापांच्या तोंडावर फेंकणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांनीं तो शिकण्यासाठीं दिला. तो निर्धास्तपणें मुलाच्या हातीं राहूं शकेल असें काय करावें, हा खरा प्रश्न आहे.

यासाठीं कंपन्यांनीं फोनमध्येंच जी सोय ठेवली आहे तिला 'पेरेंटल कंट्रोल' असें म्हणतात. तिची रचना समजण्यास अवघड नाहीं. आईचें किंवा बापाचें एक खातें आणि मुलाचें एक खातें, अशीं दोन खातीं एकमेकांस जोडावयाचीं. मग वडील माणसांस आपल्या फोनवरून मुलाच्या फोनला मर्यादा घालतां येतात. दिवसांतून एकंदर किती वेळ फोन चालावा, रात्रीं किती वाजतां तो मिटावा, कोणतें ॲप घेण्यापूर्वीं घरच्यांची अनुमति लागावी, कोणत्या वयाला योग्य असे चित्रपट दिसावे, पैसे देऊन कांहीं विकत घेतां यावें कीं नाहीं, आणि फोन या घटकेला कोठें आहे, इतक्या गोष्टी तींत येतात. गूगलचें 'फॅमिली लिंक' २०१७ सालीं सुरू झालें. ॲपलचें 'स्क्रीन टाइम' २०१८ च्या सप्टेंबरांत आलें. दोहोंसही वेगळें मोल पडत नाहीं.

'स्क्रीन टाइम' येण्यापूर्वींची एक हकीकत शिक्षकवर्गास समाधान वाटावें अशी आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा एक मोठा फंड आहे. शिक्षकांच्या उतारवयासाठीं सांठविलेल्या या पैशांतून ॲपलचे शेअर घेतलेले होते. २०१८ च्या जानेवारींत या फंडानें आणि जाना पार्टनर्स नांवाच्या एका गुंतवणूकदार संस्थेनें मिळून कंपनीस एक उघडें पत्र लिहिलें. दोघांजवळ मिळून सुमारें २ अब्ज डॉलरचे शेअर होते. या यंत्राचा मुलांवर काय परिणाम होतो याचा कंपनीनें अभ्यास करावा आणि आईबापांच्या हातीं अधिक चांगलीं साधनें द्यावीं, असा त्या पत्राचा आशय होता. त्याच वर्षीं जूनमध्यें कंपनीनें नवी सोय जाहीर केली. ती केवळ पत्रामुळेंच झाली, असें म्हणण्याचें कारण नाहीं. मुलांसाठीं कांहीं बंधनें कंपनीनें पूर्वींही ठेवलेलीं होतीं. तथापि आड खणणाराला कठड्याचा जाब विचारतां येतो, आणि तो विचारणारांत जन्मभर वर्गांत उभ्या राहिलेल्या माणसांचा पैसा होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

सोय झाली, पण सोय असणें आणि ती वापरांत येणें यांत पुष्कळ अंतर असतें. याचा धडा अमेरिकेंतच पूर्वीं एकदां मिळाला होता. १९९६ च्या कायद्यानें तेथें टेलिव्हिजनच्या संचांत 'व्ही-चिप' नांवाचा एक भाग बसविणें सक्तीचें झालें, आणि २००० सालापासून १३ इंच किंवा त्याहून मोठ्या पडद्याच्या प्रत्येक नव्या संचांत तो येऊं लागला. त्याच्या योगानें मारामारीचे आणि अश्लील कार्यक्रम आपल्या घरापुरते बंद करतां येत. कायदा झाला, चिप बसली, आणि बहुतेक घरांत ती नुसती बसूनच राहिली. पुष्कळांस ती आपल्या संचांत आहे हेंच ठाऊक नव्हतें. ज्यांस ठाऊक होतें त्यांतील पुष्कळांस ती चालू करण्याची खटपट नकोशी वाटली. दाराला कुलूप होतें, पण तें उघडेंच लोंबत होतें.

फोनच्या बाबतींत आपल्याकडे काय घडतें, हें पाहण्यासाठीं एका तालुक्याच्या गांवचें कुटुंब डोळ्यांसमोर आणावें. असें कुटुंब कोणत्याही आळींत सांपडेल. वडील एका दुकानांत हिशेब लिहितात, आई घरीं शिवणकाम करते; मुलगी सातवींत, मुलगा चौथींत. वडिलांनीं नवा फोन घेतला तेव्हां जुना घरांत राहिला, आणि तो आई व दोन्ही मुलें मिळून वापरूं लागलीं. मुलगा त्याशिवाय जेवावयास बसेना. एके रात्रीं कार्टून संपल्यावर आपोआप पुढें आलेलें कांहींतरी अभद्र चित्र पाहून तो दचकला आणि रात्रभर आईला बिलगून निजला. सकाळीं वडिलांनीं ठरविलें कीं, या फोनला कुलूप घातलेंच पाहिजे.

पण कुलूप लावावयाचें कसें? सेटिंगमधील शब्द इंग्रजी. फोनची भाषा मराठी करून पाहिली, तर अक्षरें ओळखीचीं झालीं, अर्थ मात्र परकाच राहिला. शेवटीं त्यांनीं मुलीलाच हांक मारली, "ताई, हें कसें करतात ग, बघ जरा." ज्याला अटकाव करावयाचा त्याच्याकडूनच दाराला कडी बसवून घेण्यासारखा हा प्रकार! मुलीनें घटकेंत सर्व लावून दिलें. दिवसाला एक तासाची मर्यादा पडली, आणि ती वाढविण्याचा अधिकार वडिलांच्या नव्या फोनवर राहिला. तीन दिवसांनीं वडिलांच्या ध्यानांत आलें कीं, धाकटा दोन-दोन तास फोन पाहतो आहे. त्यांनीं विचारलें, "अरे, तुला वेळ कोणीं वाढवून दिला?"

"मीच घेतला, बाबा. तुम्ही आंघोळीला गेलां म्हणजे तुमच्या फोनवरून."

"आणि पिन?"

"तुम्ही नेहमीं आईच्या वाढदिवसाचाच ठेवतां. सगळ्यांना ठाऊक आहे."

पिन बदलला. पुढच्या आठवड्यांत निराळीच अडचण उभी राहिली. तासाची मर्यादा धाकट्यानें सायंकाळींच संपविली. रात्रीं मुलीच्या शाळेचा निरोप आला कीं, उद्यांच्या चाचणीचा भाग बदलला आहे. तो निरोप तिला उघडेना, आणि वडील तर दुकानाच्या कामासाठीं परगांवीं गेलेले. कामाचीं ॲपें मर्यादेंतून वगळतां येतात, हें घरांत कोणासच माहीत नव्हतें. चाचणींत मुलीचे गुण गेले. "त्याच्यापायीं मला कां शिक्षा?" असें ती रडून म्हणाली, आणि त्याला वडिलांजवळ उत्तर नव्हतें. त्यांनीं सगळी व्यवस्थाच काढून टाकली. कुलूप घातल्यापासून पंधरा दिवसांच्या आंत फोन पूर्ववत् उघडा झाला. आणि ज्या चित्रानें मुलगा घाबरला होता, त्याच्यासारखें दुसरें चित्र पुढें येण्याची वाटही मोकळी झाली.

या साध्या गोष्टींत सध्यांच्या व्यवस्थेचे बहुतेक दोष आले आहेत. पहिला दोष असा कीं, कुलूप लावण्याचें सगळें ओझें, ज्याला यंत्राची सर्वांत कमी माहिती त्याच्यावर टाकलेलें आहे. मुलाच्या नांवानें खातें उघडलें कीं, त्याच क्षणीं कठडा आपोआप उभा राहावा, आणि तो काढावयाचा असेल तर मोठ्या माणसानें खटपट करावी, हा क्रम योग्य आहे. तो अशक्य नाहीं. यूट्यूबवर एक चित्र संपतांच दुसरें आपोआप सुरू होतें, त्यामुळें मुलाचा हात त्यांतून निघत नाहीं. २०२१ च्या ऑगस्टमध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं, १८ वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर ही ओघ चालू ठेवण्याची रीति मुळांतच बंद राहील. एकाही आईला त्यासाठीं सेटिंग शोधावी लागली नाहीं. जें एका बाबतींत झालें तें इतर बाबतींतही होऊं शकतें. मात्र त्याचा लाभ मुलाच्या खात्याला होतो. बापाच्या नांवानें चाललेल्या फोनवर तें मूल यंत्राच्या लेखीं चाळीस वर्षांचा गृहस्थच असतें.

दुसरा दोष यांतूनच निघतो. हीं कुलुपें एका मुलाला एक फोन असें गृहीत धरून केलेलीं आहेत. आपल्याकडे एका फोनवर आईचे भिशीचे हिशेब, ताईचा गृहपाठ, धाकट्याचा खेळ आणि आजीचें कीर्तन हीं सर्व चालतात. अशा घरांत दाराला एकच कडी असून भागत नाहीं. फोन हातीं घेणारा कोण आहे तें एका बटणानें सांगतां यावें. धाकट्याचा तास संपला म्हणून ताईचा गृहपाठ अडूं नये. आणि आईनें फोन परत घेतांच तो पुन्हां तिचा व्हावा. कांहीं फोनांत निरनिराळ्या माणसांसाठीं निरनिराळे कप्पे करण्याची सोय आहे. पण ती खोल कोठेंतरी दडलेली, आणि स्वस्त फोनांत तर पुष्कळदां नसतेच. ज्या घरांत फोन कमी त्या घरांतील मुलाला संरक्षणही कमी, असा हा उलटा न्याय आहे.

तिसरा दोष म्हणजे गळती. मुलें चतुर असतात, आणि चतुर असावींच. 'स्क्रीन टाइम' निघाल्यानंतर लवकरच मुलांनीं शोधून काढलें कीं, फोनचें घड्याळ बदललें तर मर्यादा हुकते, आणि ॲप काढून पुन्हां घेतलें तर तें मोकळें होतें. हीं छिद्रें बुजवावयास वेळ लागला. २०२३ सालीं तर निराळाच प्रकार उघडकीस आला: आईबापांनीं ठरविलेल्या बंदीच्या वेळा आपोआप पूर्ववत् होत, आणि तो दोष कंपनीनें कबूलही केला. चाळणीचेंही तेंच. लहानांसाठीं २०१५ सालीं 'यूट्यूब किड्स' हें निराळें ॲप निघालें. त्यांत निर्धास्तपणें मूल बसवावें अशी समजूत होती. पण २०१७ च्या नोव्हेंबरांत असें दिसून आलें कीं, ओळखीच्या कार्टूनचें सोंग घेतलेलीं भीतिदायक आणि ओंगळ चित्रें त्या चाळणींतूनही खालीं पडतात. चाळण्याचें काम बहुतांशीं यंत्राकडे होतें, आणि यंत्रानें चित्रांतील टोपी ओळखली, हेतु ओळखला नाहीं. कुलूप नसेल तर आई निदान जागी असते. फसवें कुलूप तिला झोंप आणतें. म्हणून कंपनीनें नवें कांहीं देण्यापूर्वीं जें दिलें आहे तें पक्कें करावें, आणि तें मोडलें तर आईबापांस त्याच दिवशीं कळवावें.

या गळतीचें मूळ पाहूं गेलें असतां एक गोष्ट स्पष्ट बोलणें भाग आहे. आड खणणाराला जर प्रत्येक घागरीमागें पैसा मिळत असेल, तर लोकांनीं पाणी कमी काढावें असें त्याला मनापासून वाटणार नाहीं. मूल जितका वेळ पडद्याकडे पाहील तितक्या जाहिराती त्याच्यापुढें येतात. मुलांची माहिती आईबापांच्या संमतीवांचून गोळा करून तीवर जाहिराती चालविल्याबद्दल २०१९ च्या सप्टेंबरांत गूगल आणि यूट्यूब यांस अमेरिकेंत १७ कोटी डॉलर भरण्याचें कबूल करावें लागलें. तेव्हां कुलूप करणाराच्या सद्भावनेवर सर्व भार न टाकतां कायद्यानेंही हात लावला पाहिजे. तो लागूं लागला आहे. आपल्या देशांत २०२३ च्या ऑगस्टमध्यें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. १८ वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वीं आईबापांची पडताळून पाहतां येईल अशी संमति घ्यावी, मुलावर पाळत ठेवूं नये आणि त्याला हेरून जाहिराती दाखवूं नयेत, असें त्याच्या नवव्या कलमांत म्हटलें आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले, आणि ते टप्प्याटप्प्यानें १८ महिन्यांच्या अवधींत अंमलांत यावयाचे असें ठरलें. हेतु उत्तम आहे. परंतु वर सांगितलेल्या घरांत ही संमति कोण देईल? वडील आंघोळीला गेले असतां चौथींतला मुलगाच देईल. संमति घेण्याची रीति आईच्या वाढदिवसाच्या चार अंकांहून भक्कम आणि आईला वाचून समजेल अशी असली, तरच कायद्याचा उपयोग होईल.

चौथा दोष मोजमापाचा. सध्यांचीं कुलुपें मुख्यतः तास मोजतात. पण तासभर गणित सोडविणें, तासभर आजोबांशीं बोलणें, आणि तासभर एकामागून एक चित्रफिती डोळ्यांखालून घालविणें, हीं तीन सारखीं नव्हेत. ॲमेझॉन कंपनीनें २०१२ सालीं आपल्या टॅबलेटवर लहान मुलांसाठीं जी सोय केली, तींत खेळ आणि चित्रें यांस मर्यादा घालून वाचनाला मात्र मुभा ठेवतां येत असे. ही कल्पना सरळ आणि समंजस आहे. घरांतली आई हाच विवेक नित्य करते. खाऊला ती मोजते, पोळीला मोजीत नाहीं. अगदीं लहान वयांत मात्र तासही मोजलेच पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं, वर्षाच्या आंतील मुलापुढें पडदा मुळींच नसावा, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला बसून पाहण्यास दिवसांत एका तासाहून अधिक वेळ देऊं नये. कमी असेल तितकें बरें.

पांचवा दोष सर्वांत नाजूक आहे, कारण तो कुलुपापेक्षां तें लावणाराच्या मनांत अधिक असतो. मर्यादा घालणें निराळें आणि पाळत ठेवणें निराळें. सात वर्षांच्या मुलाचा फोन कोठें आहे हें आईला कळावें, यांत वावगें कांहीं नाहीं. पण पंधरा वर्षांच्या मुलीचा प्रत्येक निरोप बापानें चोरून वाचावा, आणि त्याच घरांतील तिच्या भावाला मोकाट सोडावें, याला संरक्षण म्हणतां येणार नाहीं. अशी मुलगी उद्यां कोणीं अनोळखी माणसानें फोनवरून धमकावलें, तर ती गोष्ट घरीं सांगावयाची नाहीं. "फोनच काढून घेतील" या भयानें ती एकटी सोसील. ज्या संकटासाठीं कुलूप लावलें, तेंच संकट कुलुपाच्या आडोशानें वाढेल. म्हणून बंधनाचें स्वरूप वयाबरोबर बदललें पाहिजे. निरनिराळ्या देशांनीं रेघ निरनिराळ्या ठिकाणीं ओढली आहे: अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानें मुलांच्या माहितीसाठीं १३ वर्षांची मर्यादा धरली, ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस मोठमोठ्या समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास मनाई केली, आपल्या कायद्यानें १८ वर्षें धरलीं. तेरा, सोळा, अठरा, या तीन आंकड्यांवरूनच दिसतें कीं, बालपण एका भिंतीशीं संपत नाहीं, तें पायऱ्यापायऱ्यांनीं संपतें. कुलुपालाही तशाच पायऱ्या हव्या. सात वर्षांचा असतांना सर्व अनुमति आईची; अकराव्या वर्षीं मुलानें मागावें आणि दोघांनीं मिळून ठरवावें; चौदाव्या वर्षीं रात्रींची वेळ आणि पैशाचा व्यवहार एवढींच बंधनें उरावीं; आणि मुलावर जें बंधन आहे तें त्याला आपल्या फोनवर स्वच्छ दिसावें.

बंधन मुलानें कां मानावें, याचें उत्तर मात्र कोणत्याही कंपनीच्या कारखान्यांत मिळणार नाहीं. तें सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचे वडगांव या गांवीं मिळतें. साथीच्या काळांत तेथील मुलेंही फोनला चिकटलीं, आणि शाळा उघडल्यावरही त्यांचें मन पुस्तकांत लागेना. तेव्हां २०२२ च्या ऑगस्टमध्यें, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, ग्रामस्थांनीं सभेंत ठरविलें कीं, रोज सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत सर्व गांवानें टेलिव्हिजन व फोन बंद ठेवावे. मुलांनीं अभ्यास करावा. मोठ्यांनीं वाचावें, बोलावें. प्रारंभीं कांहींनीं थट्टा केली. घरोघरीं जाऊन समजूत घालावी लागली. तरी हा नियम गांवानें उचलला, आणि त्याची वार्ता देशाबाहेरही गेली. या भोंग्याला पिन नाहीं, खातें नाहीं, तो कोणाचे निरोप वाचीत नाहीं. त्याचें बळ इतकेंच कीं, तो मुलासाठीं वाजतो तेव्हां बापासाठींही वाजतो. बाप डावा हात फोनवर ठेवून उजव्या हातानें मुलाला पुस्तक दाखवीत नाहीं.

कंपन्यांस या गांवापासून शिकण्यासारखें आहे. आजचें कुलूप फक्त मुलाचा फोन मिटतें. सबंध घराचे फोन जेवणाच्या आणि अभ्यासाच्या वेळीं एकदमच मिटतील, आणि आजारपणासारख्या अडचणीचे कॉल तेवढे येतील, अशी सोय प्रत्येक फोनांत सोप्या मराठींत असावी. 'डाउनटाइम' या शब्दाच्या जागीं 'झोंपेची वेळ' असें लिहिलें तर शिवणकाम करणाऱ्या आईला तें कोणास विचारावें लागणार नाहीं. शाळांनाही आपला वांटा उचलतां येईल. जूनमध्यें शाळा उघडतांना जी पालकसभा भरते तींत एक तास या कामाला द्यावा. पालकांनीं आपापला फोन आणावा, आणि शिक्षकांनीं किंवा वरच्या वर्गांतील जाणत्या विद्यार्थ्यांनीं सर्वांसमक्ष तो लावून द्यावा. शिवाय शाळेनें आपले निरोप सायंकाळच्या ठराविक वेळेच्या आंत धाडावे, म्हणजे गृहपाठाच्या निमित्तानें रात्रीं फोन उघडा ठेवावा लागणार नाहीं. जो वर्ग मुलांस नियम शिकवितो त्यानें एवढा नियम स्वतः पाळणें उचित होय.

शेवटीं घराचा वांटा. वरील कुटुंबांतील वडिलांनीं फोनला कुलूप घालण्यापूर्वीं दोन्ही मुलांस जवळ बसवून विचारलें असतें, तर चाचणीचा निरोप कसा वाचावा हें ताईनेंच सुचविलें असतें, आणि रात्रीं कोणत्या चित्राला आपण भ्यालों हें धाकट्यानें सांगितलें असतें. नियम करतांना ज्याला विचारलें जातें, तो नियम मोडतांना थोडा तरी अडखळतो. गेलेली संधि अद्याप पुरती गेलेली नाहीं. त्या घरांत आज रात्रींही सर्वजण एकत्रच जेवावयास बसतील.

खेड्यांत मुलाला विहिरींत पोहावयास शिकवितात, तेव्हां प्रथम त्याच्या पाठीला वाळलेले भोपळे बांधतात आणि कमरेला दोर लावून बाप कांठावर उभा राहतो. कांहीं दिवसांनीं एक भोपळा सुटतो, मग दुसरा. दोर सैल होतो, पण बाप कांठ सोडीत नाहीं. मग एके सकाळीं मूल आपल्या हातापायांच्या बळावर पलीकडच्या पायरीला लागतें. भोपळा फुटका नसावा हें पाहणें, ज्यानें तो विकला त्याचें काम. तो वेळेवर बांधणें आणि वेळेवर सोडणें, हें कांठावर उभा असणाराचें काम. फोनचें कुलूप अधिक चांगलें झालेंच पाहिजे. परंतु ज्या दिवशीं मूल कुलूप नसतांही रात्रीं नऊला आपण होऊन फोन बाजूला ठेवील, त्या दिवशीं त्या कुलुपाचें काम पुरें झालें असें समजावें.